अंगठ्याची किल्ली

म्हैसूरहून पूर्वेकडे पंचवीसएक किलोमीटर गेले म्हणजे बन्नूर लागते. तिरुमकूडलु नरसीपूर तालुक्यातील हे गाव कावेरीच्या पाण्यावर पोसलेले आहे. भात आणि ऊस ही तिकडची पिके, आणि मांसासाठी नावाजलेली आखूड पायांची बन्नूर मेंढी ही त्याची दूरवरची ओळख. तेथून जवळच सोमनाथपूरचे केशवमंदिर आहे. होयसळ राजांच्या काळी, इ. स. १२५८ मध्ये, सोमनाथ दंडनायकाने ते बांधविले. कोरीव काम पाहावयास लोक तेथे दुरून येतात. पण ज्याचे आयुष्य सरकारी दप्तरांत चालले आहे अशा माणसाची नजर आधी तेथील शिलालेखाकडे वळते. देवस्थानाला काय लावून दिले, ते दगडावर कोरून येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेवलेले आहे. जमिनीच्या हक्काची नोंद उघड्यावर असावी, हा विचार आपल्याकडे इतका जुना आहे. आपल्या कोकणात आणि देशावर जे गद्धेगाळ सापडतात, तेही याच जातीचे. त्यांत दानाची नोंद असते आणि ते दान मोडणाराला वाहिलेली एक अर्वाच्य शिवीही असते. नोंदीच्या संरक्षणाची त्या काळची व्यवस्था ती एवढीच.

आज बन्नूरच्या आसपासचे एखादे शेत विकले जाते तेव्हा त्याची नोंद दगडावर होत नाही, आणि केवळ कागदावरही राहत नाही. कर्नाटकाच्या नोंदणी खात्याने आपल्या संगणकीय यंत्रणेला 'कावेरी' असे नाव दिले आहे. जमिनीच्या उताऱ्यांची यंत्रणा 'भूमी' या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रात आपण ज्याला सातबारा म्हणतो त्याला तिकडे पहणी म्हणतात. या शतकाच्या आरंभी 'भूमी' योजनेत सुमारे ६७ लाख खातेदारांच्या दोन कोटी नोंदी संगणकावर चढविल्या गेल्या. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी शेतकऱ्यांची शेतेही याच दोन यंत्रणांत आहेत. तेव्हा मी जी हकीकत सांगणार आहे, ती कानडी मुलखातील म्हणून परकी समजण्याचे कारण नाही.

ती हकीकत अशी. २०२३ साली बेंगळूरुच्या पोलिसांकडे काही चमत्कारिक तक्रारी येऊ लागल्या. ज्यांनी आपला पिन कोणाला सांगितला नव्हता, कार्ड कोणाच्या हाती दिले नव्हते, फोनवर आलेला सांकेतिक अंक कोणाला वाचून दाखविला नव्हता, अशांच्या बँकखात्यांतून पैसे गेले होते. आणि बँकेच्या नोंदीप्रमाणे ते पैसे त्यांनीच, स्वतःचे बोट यंत्रावर टेकवून काढलेले होते. तक्रारदारांपैकी अनेकांनी अलीकडेच मालमत्तेचा दस्त नोंदविला होता, हे ध्यानात आले तेव्हा तपासाला दिशा मिळाली. दस्तावर बोटांचे ठसे होते, आधार क्रमांकही होता, आणि दस्ताची प्रत संकेतस्थळावरून उतरवून घेता येत होती. त्या प्रतीतील ठशावरून कृत्रिम ठसा तयार करावयाचा आणि तो यंत्राला खरे बोट म्हणून दाखवावयाचा, असा हा उद्योग होता. परराज्यांतील काही संशयितांना त्याच वर्षी अटक झाली, आणि ऑनलाइन प्रतींतील ठसे झाकून टाकण्याचा उपाय खात्याने हाती घेतला. याच युक्तीचा एक वेगळा प्रयोग तेलंगणात २०१८ मध्येच उघडकीस आला होता. तेथे जमिनीच्या दस्तांतील ठसे वापरून हजारो सिमकार्डे दुसऱ्यांच्या नावाने चालू करण्यात आली होती.

ज्या सोयीतून हे पैसे गेले, ती सोय मुळात वाईट नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. खेड्यापाड्यांत बँकेची शाखा नसते. असलीच तर वृद्ध माणसाला तेथवर जाणे होत नाही. म्हणून बँकेचा प्रतिनिधी एक लहानसे यंत्र घेऊन गावात बसतो. खातेदार बँकेचे नाव सांगतो, आधार क्रमांक देतो, बोट टेकवतो, आणि त्याच्या निवृत्तिवेतनाचे पैसे त्याच्या हातावर पडतात. कार्ड सांभाळावयास नको, पिन पाठ करावयास नको. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही आपले पैसे दुसऱ्याच्या मिनतवारीवाचून मिळतात. ज्यांनी पूर्वी मनिऑर्डरीसाठी पोस्टमनची वाट पाहणारी म्हातारी माणसे पाहिली आहेत, त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगावयास नको. परंतु या व्यवहारात कुलूप एक आणि किल्लीही एकच. बँकेचे नाव अंदाजाने सांगता येते, आधार क्रमांक शंभर ठिकाणी लिहिलेला असतो. उरते ते बोट. आणि त्या बोटाचा ठसा दस्तावर छापलेला, दस्त संकेतस्थळावर ठेवलेला.

आता दोष कोणाला द्यावा? नोंदणी खात्याने दस्त उघडा ठेवला, हा त्याचा गुन्हा म्हणावा, तर कायदाच तसे सांगतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याचे ५७ वे कलम मी मुद्दाम श्रोत्यांच्या नजरेस आणतो, कारण खाजगी माहितीसंबंधी आज आपण ज्या विवेकाची मागणी करतो तो त्या जुन्या कलमात बराचसा आहे. निबंधकाच्या कचेरीतील पहिल्या क्रमांकाच्या पुस्तकात स्थावर मालमत्तेचे दस्त असतात. ते फी भरून कोणीही पाहावे, प्रत मागावी, अशी मुभा आहे. कारण उद्या शेत घेणाऱ्याला ते आधीच गहाण पडले आहे की काय, हे कळले पाहिजे. तिसऱ्या क्रमांकाच्या पुस्तकात मृत्युपत्रे असतात. ती करणारा जिवंत आहे तोवर दुसऱ्या कोणालाही त्यांची प्रत मिळत नाही. त्याच्या मृत्यूनंतर मात्र मागेल त्याला मिळते. चौथ्या पुस्तकातील किरकोळ दस्तांच्या प्रती फक्त त्या व्यवहाराशी ज्यांचा हक्कसंबंध आहे त्यांनाच. एकाच कचेरीतील, एकाच कपाटातील तीन पुस्तकांना तीन प्रकारचे पडदे! कायदा करणाऱ्यांनी 'कचेरी विश्वासू आहे की नाही' असा ठोकळ प्रश्न विचारलेला नाही. 'कोणती गोष्ट कोणाला आणि केव्हा कळावी' असा विचारलेला आहे.

पुढे २००१ मध्ये याच कायद्यात ३२-अ हे कलम आले आणि दस्तावर पक्षकारांचे छायाचित्र व बोटांचे ठसे लावणे आवश्यक झाले. हेतू स्तुत्य होता. दुसऱ्याचे शेत तिसऱ्यानेच विकून टाकण्याचे प्रकार होत असत; त्यांना आळा घालावयाचा होता. ठसा त्या वेळी केवळ पुरावा होता. वाद निघालाच तर न्यायालयात तज्ज्ञाने भिंग घेऊन पाहावयाची ती वस्तू. त्याच ठशाने काही वर्षांनी बँकेची तिजोरी उघडणार आहे, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पुढे बँकेची सोय आली आणि जो पुरावा होता तो किल्ली झाला. कागद मात्र पूर्वीसारखाच उघडा राहिला. नोंदणी खाते आपल्या जागी प्रामाणिक, बँक आपल्या जागी प्रामाणिक. नुकसान झाले ते दोघांच्या मधल्या बोळात.

आणखीही एक गोष्ट घडली. जुने दप्तर उघडे होते म्हणजे कसे उघडे होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनाच ठाऊक. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद आजही रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल सोडावा, मोडी वाचता यावी, दप्तरदाराची मर्जी सांभाळावी, तेव्हा एक ओळ हाती लागावी. तालुक्याच्या कचेरीत दस्त पाहावयाचा तरी एक दिवस मोडे, अर्ज करावा लागे, आणि कोण कशासाठी आला आहे हे चार लोकांना दिसे. ही गैरसोय हेच त्या माहितीचे न लिहिलेले कुंपण होते. संगणकाने ती गैरसोय दूर केली. मी तिच्यासाठी अश्रू ढाळणार नाही. एका उताऱ्यासाठी शेतकऱ्याने घातलेले हेलपाटे आणि त्यासाठी सैल केलेली कनवट ज्याने पाहिली आहे, त्याने तसे करूही नये. परंतु कुंपण काढताना त्याच्या आत काय काय होते, हे एकदा मोजावयास हवे होते. मोजणी उशिरा झाली.

या हकीकतीवरून ऑनलाइन सेवेवर विश्वास किती ठेवावा, या प्रश्नाकडे पाहण्याची एक वेगळी दृष्टी मिळते असे मला वाटते. आपण सामान्यतः विचारतो, ही कंपनी चांगली आहे का, हे खाते सरकारी आहे का, हे नाव मोठे आहे का? हे प्रश्न निरर्थक नाहीत, परंतु ते पुरे पडत नाहीत. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची स्थापना १९०६ सालची. तिची प्रतिष्ठा पिढ्यान्‌पिढ्यांची. ऑगस्ट २०१८ मध्ये दोनतीन दिवसांत चोरट्यांनी तिच्या यंत्रणेतून ९४ कोटींवर रक्कम पळविली. बनावट कार्डांच्या साहाय्याने अनेक देशांतील यंत्रांतून पैसे काढले गेले. एअर इंडियाने २०२१ मध्ये जाहीर केले की सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती बाहेर गेली, आणि ती गेली कंपनीच्या स्वतःच्या कपाटातून नव्हे, तर तिने ज्या संस्थेकडे ते काम सोपविले होते तिच्या कपाटातून. प्रवाशाने विश्वास ठेवला एकावर, माहिती होती दुसऱ्याजवळ. म्हणून माणसाच्या किंवा संस्थेच्या सचोटीपेक्षा मी आधी वस्तूकडे पाहतो. जे मी देतो आहे त्याने दुसरीकडचे कोणते दार उघडते? आणि उद्या ते चोरीस गेले तर मला कुलूप बदलता येईल काय?

परवलीचा शब्द चोरीस गेला तर तो पाच मिनिटांत बदलता येतो. बँकेचे कार्ड रद्द करून नवे घेता येते. मोबाइलचा क्रमांक बदलणे त्रासाचे, पण शक्य आहे. जन्मतारीख बदलता येत नाही. आईचे माहेरचे आडनाव बदलता येत नाही, आणि तरी गुप्त प्रश्न म्हणून तेच विचारण्याची चाल काही काळ होती. ज्या समाजात लग्नपत्रिकेवर आजोळचे आडनाव छापले जाते, तेथे या प्रश्नात गुप्त ते काय होते, देव जाणे. आजाराची हकीकत एकदा बाहेर पडली की परत आत घेता येत नाही. आणि बोट तर बोटच. माणसाला दहा बोटे आणि दोन डोळे आहेत. त्यांचे ठसे एकदा दुसऱ्याच्या हाती पडले की नवे मागावयास कोणतीही कचेरी नाही. तेव्हा जी वस्तू बदलता येत नाही तिच्याविषयी कृपण असावे आणि जी बदलता येते तिच्याविषयी थोडे उदार असावयास हरकत नाही. प्रत्यक्षात आपण नेमके उलट वागतो. परवलीचा शब्द बायकोलाही सांगत नाही, आणि एखाद्या लॉजमध्ये एक रात्र राहावयाचे तर आधारपत्राची पुरी प्रत निमूटपणे काढून देतो.

या प्रतीविषयी एक गमतीदार प्रसंग सांगण्यासारखा आहे. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बेंगळूरु येथील प्रादेशिक कार्यालयाने लोकांना सावध केले की, आधारपत्राची छायाप्रत वाटेल त्या संस्थेला देऊ नका, तिचा दुरुपयोग होऊ शकतो; द्यावयाचीच तर क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दिसतात अशी झाकलेली प्रत द्या. दोन दिवसांत, २९ मे रोजी, लोकांचा गैरसमज होण्याचा संभव आहे या कारणाने ती सूचना मागे घेण्यात आली. सरकारी नोकर या नात्याने मी दोन्ही बाजू समजू शकतो. भीती पसरू नये ही काळजीही खरी. परंतु पहिली सूचना जितकी मला पटली तितकी ती मागे घेण्याची कारणे पटली नाहीत. झाकलेली प्रत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर अजूनही मिळते, आणि बहुतेक ठिकाणी तिच्यावर काम भागते. आपणच ती पुढे करीत नाही.

संमतीचा प्रश्न याहूनही अवघड आहे. ॲप उघडले की एक लांबलचक मजकूर येतो आणि खाली 'मान्य आहे' अशी पाटी असते. मजकूर कोणी वाचत नाही. पाटी सगळे दाबतात. महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि त्यानंतर पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगावी तोच प्रकार झाला. त्या दंग्याचे वैशिष्ट्य असे की, बहुतेक ठिकाणी लोकांचा रोख माणसांच्या जिवावर नव्हता, कागदांवर होता. खते, रोखे, जमाखर्चाच्या वह्या हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. ज्या कागदावर आपण अंगठा उठविला त्यात काय लिहिले आहे हे शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. त्यावर पुढे काय चढविले गेले हेही कळत नव्हते. आणि तो कागद कायम दुसऱ्याच्या घरात होता.

सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. त्यात शेतकऱ्याने करून द्यावयाचे दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावेत अशी योजना होती. आणि याहून मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की, पैसे भरल्याची पावती, दरसालचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क ऋणकोला मिळाला. 'माझ्या नावावर तुझ्या वहीत काय लिहिले आहे ते मला दाखव', असे म्हणण्याचा हा अधिकार. कर्ज देणे-घेणे थांबले नाही, सावकारही नाहीसे झाले नाहीत. पण एकट्या सावकाराच्या वहीवर सारे अवलंबून राहणे कायद्याला अमान्य झाले.

आजच्या वहीची गोष्ट पाहा. काही वर्षांपूर्वी झटपट कर्ज देणाऱ्या ॲपांचे पीक आले होते. दोन-पाच हजार रुपये पाहिजेत? तारण नको, जामीन नको, फक्त 'मान्य आहे' दाबा. त्या दाबण्याबरोबर फोनमधील सर्व नातेवाइकांचे, मित्रांचे, वरिष्ठांचे क्रमांक आणि छायाचित्रे त्या कंपनीकडे जात. हप्ता चुकला की वसुलीचे फोन कर्जदाराला नव्हे, त्याच्या सासऱ्याला आणि साहेबाला जात. विटंबना केलेली चित्रे पाठविली जात. तारण नको म्हणणे हीच लबाडी होती. तारण घेतले होते, ते अब्रूचे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांनी या ॲपांना फोनमधील संपर्कयादी, छायाचित्रे आणि संभाषणांच्या नोंदी यांना हात लावण्यास मनाई केली. ओळख पटविण्याच्या कामापुरता कॅमेरा किंवा ठावठिकाणा एकदाच, स्पष्ट संमतीने, पाहता येतो. हा नियम मला विशेष योग्य वाटतो, कारण संपर्कयादी ही मुळात कर्जदाराची नाहीच. ती दुसऱ्यांची माहिती आहे. केवळ त्याच्या खिशात ठेवलेली आहे. आपल्या मामांचा क्रमांक परक्याला देण्याची संमती मामांनी द्यावयाची असते.

या सर्वांमागचे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले त्यालाही कर्नाटकाचाच एक वृद्ध गृहस्थ निमित्त झाला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, आधार योजनेविरुद्ध याचिका केली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्णय दिला की खाजगीपणा हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने बहुमताने आधार योजना कायम ठेवली. सरकारी अनुदानाच्या कामी आधार मागणे वैध ठरविले, परंतु बँकखाते आणि मोबाइल त्याला जोडण्याची सक्ती रद्द केली. योजना कायम राहिली याबद्दल मला व्यक्तिशः दुःख नाही. पहिले आधारपत्र २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी एका आदिवासी स्त्रीला देण्यात आले होते. ज्यांच्याजवळ ओळखीचा दुसरा कागद नव्हता अशांना तो मिळावा, हा विचार चांगलाच होता. ओळख पटविण्यासाठी केलेली वस्तू प्रत्येक दाराची किल्ली होऊ लागली, तेथे न्यायालयाने हात धरला.

ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्यातील बहुतेक कर्तव्यांना तेथून अठरा महिन्यांची मुदत आहे. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्यात मला दोन गोष्टी १८७९ च्या पासबुकाची आठवण देणाऱ्या वाटतात. आपल्याविषयी काय साठविले आहे त्याचा गोषवारा मागता येतो. आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे. तिसरी गोष्ट भाषेची. संमतीपूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय दिली पाहिजे. म्हणजे बन्नूरच्या माणसाला ती कानडीत आणि खानापूरच्या माणसाला मराठीत मागता येईल. न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा उठविण्याचे दिवस निदान कायद्यात तरी संपले. मात्र याच कायद्याने सरकारला स्वतःच्या काही यंत्रणा त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्याची मोकळीक दिली आहे, आणि ती मोकळीक माझ्या मते गरजेपेक्षा ऐसपैस आहे. मी सरकारचा नोकर आहे म्हणून हे म्हणू नये असे कोणी सुचवील. परंतु दप्तर सांभाळणाऱ्यालाच दप्तराची भीती अधिक कळते.

येथवर आपण कायदा, बँका आणि कंपन्या यांच्याविषयी बोललो. प्रत्यक्षात खेड्यातील बहुसंख्य माणसांचा ऑनलाइन सेवेशी संबंध येतो तो तिसऱ्याच्या हातून. नाडकचेरीच्या बाहेर, सेवा केंद्रावर किंवा झेरॉक्सच्या दुकानात एक तरुण मुलगा संगणकापुढे बसलेला असतो. शेतकरी आपला फोन त्याच्या हाती देतो. आलेला सांकेतिक अंक तोच वाचतो, तोच भरतो. परवलीचा शब्द तोच ठरवतो आणि अर्जाच्या पाठीवर लिहून देतो; तो बहुधा सर्व गिऱ्हाइकांना सारखाच असतो! आधारपत्र, बँकेचे पुस्तक, उत्पन्नाचा दाखला यांची चित्रे व्हॉट्सॲपवरून त्याच्याकडे येतात आणि त्याच्या संगणकात वर्षानुवर्षे पडून राहतात. त्या मुलाच्या मनात पाप नसते. त्याला कामाची घाई असते, एवढेच. पण ज्या माहितीसाठी राजधानीत मोठमोठे पहारे बसविले आहेत, ती येथे उघड्या पडवीत पडलेली असते.

शहरातील सुशिक्षित माणूस एखादी सेवा नाकारू शकतो. पसंत नसले तर दुसरी घेतो. ज्याचे धान्य, ज्याचे अनुदान, ज्याच्या मुलीची शिष्यवृत्ती त्या संगणकातूनच यावयाची आहे, त्याला 'विश्वास विचारपूर्वक ठेवा' असे सांगणे ही थट्टा होईल. त्याच्याजवळ न देण्याचा पर्याय नाही. म्हणून मागणाऱ्यानेच कमी मागावे, हा भार कचेरीवर आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला वडिलांचे आधारपत्र कशाला? जुन्या नमुन्यात तो रकाना होता म्हणून नव्या नमुन्यातही राहिला, असे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे. मागणीअर्जातील एक रकाना कमी करणे हे आमच्या नोकरीतील सर्वांत अवघड कामांपैकी एक आहे; तो वाढविणे मात्र दुपारच्या चहाआधी होऊन जाते. शेतकऱ्यापुरते म्हणाल तर त्याला दोन गोष्टी अजूनही करता येतात. सांकेतिक अंक स्वतः वाचून सांगावा, आणि सांगण्यापूर्वी संदेशात रक्कम किंवा कामाचे नाव काय लिहिले आहे ते घरच्या कोणा शिकलेल्या पोराकडून पाहून घ्यावे. आणि काम झाल्यावर 'माझे कागद पुसून टाक, बाबा' असे त्या मुलाला म्हणावे. तो पुसतो, असा माझा अनुभव आहे. पूर्वी त्याला तसे कोणी सांगितलेले नसते.

राहता राहिला तो बोटाच्या ठशाचा प्रश्न. कर्नाटकातील दस्तांवरचे ठसे यापुढे झाकले जातील. पण त्याआधी ज्या प्रती उतरवून घेतल्या गेल्या त्या परत येणार नाहीत, आणि माणसांची बोटे तीच आहेत. यंत्रांतही सुधारणा झाली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने अशी पद्धत जाहीर केली की, ठशाच्या रेषांबरोबर बोटाची प्रतिमाही तपासून ते बोट खरे आणि जिवंत आहे की नाही हे पाहिले जाते. चोर आणि कुलूपवाला यांची शर्यत मात्र जुनी आहे. म्हणून ज्यांनी गेल्या काही वर्षांत खरेदीखत, गहाणखत किंवा वाटणीपत्र नोंदविले आहे, त्यांनी आपल्या बोटांनाच कुलूप घालावे. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर ठशांचा वापर बंद करण्याची सोय आहे. तसे केले म्हणजे कोणीही बोट टेकवले, खऱ्याने टेकवले तरीही, यंत्र ते नाकारते. धान्य घ्यावयाच्या किंवा पैसे काढावयाच्या दिवशी ते थोड्या वेळापुरते उघडता येते आणि पुन्हा बंद होते. यासाठी आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला असावा लागतो. तो जोडलेला नसेल, किंवा मुलाच्या जुन्या, आता बंद पडलेल्या क्रमांकाशी जोडलेला असेल, तर आधी तो बदलून घ्यावा लागेल. आणि त्या वेळी ओळख पटविण्यासाठी आपल्याला बहुधा बोट टेकवावे लागेल.